लूप एका राऊटरचा नसतो
(प्रस्तावना)

नेटवर्कवरचा एखादा पत्ता लागेनासा झाला की तंत्रज्ञ आधी पिंग देऊन पाहतो, आणि बहुतेक वेळा त्याला दोनपैकी एक उत्तर मिळते. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असे आले तर पलीकडून काहीच परत आलेले नाही. केबल तुटली असेल, यंत्र बंद असेल, फायरवॉलने पॅकेट अडवले असेल किंवा परतीची वाटच नसेल. ‘टीटीएल एक्स्पायर्ड इन ट्रान्झिट’ असे आले तर मात्र प्रकरण वेगळे आहे. इथे वाटेतल्या एका राऊटरने स्वतःचा पत्ता देऊन कळवलेले असते की पॅकेट माझ्यापर्यंत आले, पण त्याची मुदत संपली म्हणून मी ते टाकून दिले. म्हणजे केबल शाबूत आहेत, राऊटर चालू आहेत, त्या राऊटरपासून आपल्यापर्यंतची परतीची वाटही आहे. पॅकेट तेवढे मुक्कामाला न पोहोचता फिरत राहिले. या फेऱ्यालाच लूप म्हणतात. रोजच्या कामात मात्र या दोन्ही उत्तरांवर एकच उपाय होतो, राऊटर बंद करून पुन्हा चालू करणे. हे पुस्तक त्या सवयीविरुद्ध लिहिले आहे. माझे म्हणणे असे की लूप हा एखाद्या राऊटरमधला बिघाड म्हणून शोधायला गेलो तर तो सापडत नाही. दोन किंवा अधिक राऊटरांच्या समजुती एकमेकींशी जुळत नाहीत तेव्हा लूप तयार होतो. त्यामुळे त्याचा शोध घ्यायचा तर त्या समजुती शेजारी शेजारी मांडून ताडून पाहाव्या लागतात, आणि त्या पुसल्या जाण्याआधी पाहाव्या लागतात.

लूप होणार हे इंटरनेट घडवणाऱ्यांनी पहिल्यापासून गृहीत धरले होते. 1981 साली आयपी या प्रोटोकॉलचे मूळ दस्तऐवज आरएफसी 791 या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. त्यात प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर आठ बिटांचा एक रकाना ठेवला आहे. त्याचे नाव टाइम टू लिव्ह, म्हणजेच टीटीएल. मूळ कल्पनेत तो सेकंदांत मोजायचा होता. पण पॅकेट हाताळणाऱ्या प्रत्येक राऊटरने तो किमान एकने कमी करावा असा नियम असल्यामुळे व्यवहारात तो टप्प्यांचा मोजणीदार झाला, आणि पुढे आयपीव्ही6 मध्ये त्याचे नावच ‘हॉप लिमिट’ ठेवले गेले. आठ बिटांत 255 पेक्षा मोठी संख्या मावत नाही. लिनक्स यंत्रे साधारणपणे 64 ने सुरुवात करतात, विंडोज 128 ने, आणि अनेक राऊटर स्वतःची पॅकेट्स 255 ने सोडतात. इंटरनेटवरचा नेहमीचा प्रवास तीसेक टप्प्यांच्या आत संपतो. त्यामुळे हा आकडा वाटेत शून्यावर आला तर पॅकेट भरकटले असे समजायला हरकत नाही. एवढी सोय करून ठेवणाऱ्यांना हे ठाऊक होते की ज्या रचनेत प्रत्येक राऊटर पुढचा टप्पा आपल्यापुरता ठरवतो, तिथे फेरा पडण्याची शक्यता कायमची पुसून टाकता येत नाही, फेऱ्याला मर्यादा तेवढी घालता येते.

हा ‘आपल्यापुरता ठरवतो’ भाग नीट ध्यानात घेण्यासारखा आहे. राऊटर संपूर्ण वाट आखत नाही. आलेल्या पॅकेटचा शेवटचा पत्ता तो बघतो, आपल्या टेबलमधली त्या पत्त्याशी सर्वांत जास्त जुळणारी नोंद शोधतो, आणि त्या नोंदीत लिहिलेल्या शेजाऱ्याकडे पॅकेट सोपवून मोकळा होतो. पॅकेट कुठून आले, याआधी ते आपल्याकडे येऊन गेले होते का, याचे स्मरण तो ठेवत नाही. एखाद्या अर्जदाराला तलाठी कार्यालयाने नोंदवहीनुसार तहसील कार्यालयात पाठवावे आणि तहसील कार्यालयाने आपल्या परिपत्रकानुसार पुन्हा तलाठ्याकडे, असे घडते तेव्हा दोन्ही कारकुनांची कागदपत्रे तपासली तर दोघेही नियमाने वागलेले आढळतात. राऊटरांचेही तसेच आहे. कोणत्याही एका राऊटरवर लॉगिन करून त्याचे टेबल कितीही वेळ न्याहाळले तरी त्यात लूप दिसणार नाही. तिथे एक सरळ, सुसंगत नोंद दिसेल. चूक दिसते ती दुसऱ्या राऊटरची नोंद शेजारी ठेवल्यावर. हे साधे वाटते, पण अनुभवी माणसेसुद्धा ज्या राऊटरकडून तक्रार आली त्याच राऊटरमध्ये तासन्‌तास अडकून पडतात, कारण बिघडलेली वस्तू शोधायची अशीच आपल्या हाताला सवय असते. पंखा बंद पडला तर दोष पंख्यात, रेग्युलेटरमध्ये नाहीतर वायरमध्ये असतो. लूप या प्रकारात बसत नाही.

सर्वांत जास्त आढळणारा लूप घेऊ, कारण त्यात सगळे दुवे उघडे दिसतात. इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीने एका ग्राहकाला 203.0.113.0/24 हा 256 पत्त्यांचा गट दिला आहे असे धरू. कंपनीच्या राऊटरवर नोंद आहे की या गटातले सगळे ग्राहकाकडे पाठवा. ग्राहकाच्या राऊटरवर डिफॉल्ट रूट आहे, जे मला माहीत नाही ते सगळे कंपनीकडे पाठवा. ग्राहकाने या गटातले पहिले 64 पत्तेच आपल्या अंतर्गत जाळ्यात वापरात आणले आहेत, बाकीचे पुढच्या वाढीसाठी राखून ठेवले आहेत. आता बाहेरून कुणी 203.0.113.200 या पत्त्यावर पॅकेट पाठवले तर कंपनीचा राऊटर ते ग्राहकाकडे देतो. ग्राहकाच्या राऊटरला या पत्त्याची वेगळी नोंद सापडत नाही, म्हणून तो डिफॉल्ट रूटने ते कंपनीकडे परत देतो, आणि टीटीएल संपेपर्यंत पॅकेट त्या एका दुव्यावर खाली-वर होत राहते. कंपनीची नोंद बरोबर आहे, ग्राहकाचीही बरोबर आहे. राहून गेली आहे ती तिसरी नोंद, ‘हा सगळा गट माझा आहे, आणि त्यातल्या ज्या पत्त्याची खास नोंद नाही त्याचे पॅकेट टाकून द्यावे’ अशी. कुणी तिला नल रूट म्हणतात, कुणी ब्लॅकहोल रूट. पत्त्यांचे गट एकत्र करून जाहीर करण्याची पद्धत सांगणाऱ्या आरएफसी 4632 या 2006 सालच्या दस्तऐवजात ही नोंद सक्तीची म्हणून सांगितली आहे, आणि ती नसेल तर लूप होतील हे कारणही तिथेच दिले आहे. नियम लिहिलेला आहे, पण पाळला जातोच असे नाही. आयपीव्ही6 मध्ये घराघरातल्या राऊटरला पत्त्यांचा प्रचंड मोठा गट मिळतो आणि त्यातला कणभरही वापरला जात नाही. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत याच प्रकारच्या लूपमध्ये सापडू शकणारी पन्नास लाखांहून अधिक उपकरणे आढळली.

यावर पहिला आक्षेप असा येतो की टीटीएल आहेच, पॅकेट मरणारच, मग वापरात नसलेल्या पत्त्यांची चार पॅकेट्स फिरली तर बिघडले काय? हिशेब केला की उत्तर मिळते. बाहेरून येणारे पॅकेट 64 ने निघून कंपनीच्या राऊटरपर्यंत दहा टप्पे खर्च करून आले, तर त्याच्यापाशी 54 टप्पे उरतात. तेवढे सगळे ते या एकाच दुव्यावर संपवते, साधारण 27 वेळा खाली आणि 27 वेळा वर. इंटरनेटवर रिकामे पत्ते चाचपून पाहणारी यंत्रे रात्रंदिवस चालू असतात. त्यांच्याकडून या गटाकडे सेकंदाला 2 मेगाबिट एवढीच वर्दळ आली तरी ग्राहकाच्या दुव्यावर दोन्ही दिशांना सुमारे 54 मेगाबिटांचा भार पडतो. 50 मेगाबिटांची जोडणी घेतलेल्या कार्यालयाला त्या दिवशी इंटरनेट ‘स्लो’ वाटते. ग्राहक कंपनीकडे तक्रार करतो, कंपनी आलेख काढून दाखवते की तुम्ही तुमची पूर्ण क्षमता वापरत आहात, आणि दोघांचेही बोलणे आकड्यांनिशी खरे असते. टीटीएल एकेका पॅकेटला मारतो. लूप त्याने मोडत नाही, आणि मरण्याआधी ते पॅकेट किती जागा अडवते यावरही त्याचा ताबा नाही. कुणी मुद्दाम 255 टीटीएलची पॅकेट्स सोडली तर हाच लूप हल्ल्याचे हत्यार होतो.

या उदाहरणातल्या नोंदी माणसांनी हाताने लिहिलेल्या होत्या. मग नोंदी राऊटरांनीच एकमेकांशी बोलून तयार केल्या तर विसंगती राहणार नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. इतिहास मात्र या आशेला थोडाच आधार देतो. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटमध्ये सुरुवातीला प्रत्येक नोड आपल्या शेजाऱ्यांना आपल्याकडून कुठवरचे अंतर किती आहे ते सांगत असे, आणि ऐकणारा त्यावर विश्वास ठेवून आपला तक्ता बनवत असे. बातमी चांगली असली की ती झपाट्याने पसरे. वाईट बातमी मात्र रेंगाळे, आणि त्या काळात पॅकेट्स फिरत राहत. म्हणून 1979 मध्ये ती पद्धत काढून प्रत्येक नोडला जाळ्याचा पूर्ण नकाशा देणारी नवी पद्धत आणली गेली. तरी जुन्या कल्पनेवरचा आरआयपी हा प्रोटोकॉल वापरात राहिला, आणि 1988 च्या आरएफसी 1058 मध्ये त्याचे रीतसर वर्णन झाले. त्याचा दोष असा. ‘अ’ आणि ‘ब’ हे दोन शेजारी, आणि एक जाळे ‘ब’ला जोडलेले आहे. ते जाळे तुटले. ‘ब’ ही बातमी सांगण्याआधीच ‘अ’चा नेहमीचा संदेश आला की ते जाळे माझ्यापासून दोन टप्प्यांवर आहे. हे अंतर ‘ब’मार्फतच मोजलेले आहे हे ‘ब’ला कळायला मार्ग नाही. तो आपल्या टेबलमध्ये ‘अ’मार्फत तीन टप्पे असे लिहितो, ते ऐकून ‘अ’ चार लिहितो, मग ‘ब’ पाच. आरआयपीत 16 म्हणजे अनंत असे ठरवले आहे, म्हणून ही चढाओढ सोळावर थांबते. संदेश दर 30 सेकंदांनी जात असल्यामुळे तोवर काही मिनिटे उलटू शकतात, आणि त्या मिनिटांत त्या जाळ्याकडची सगळी पॅकेट्स ‘अ’ आणि ‘ब’ यांच्यामध्ये ये-जा करतात. ज्याच्याकडून ऐकले त्यालाच ती बातमी परत सांगू नये, या उपायाला स्प्लिट होरायझन म्हणतात. दोघांमधला फेरा त्याने मोडतो. तिघांचा फेरा असेल तर तोही अपुरा पडतो. यातले कोणतेही यंत्र बिघडलेले नाही. प्रत्येकाने शेजाऱ्याच्या शब्दावर भरवसा ठेवला, आणि तो शब्द आपलाच प्रतिध्वनी आहे हे कुणाला ओळखता आले नाही.

माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणून 27 ऑक्टोबर 1980 चा दिवस पुढे करता येईल. त्या दिवशी अर्पानेट काही तास वापरण्याच्या लायक राहिले नाही, आणि तिथे एका यंत्राचा खराखुरा हार्डवेअर दोष होता. एरिक रोझेन यांनी त्याचे विश्लेषण आरएफसी 789 मध्ये लिहून ठेवले आहे, आणि नेटवर्कमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे असे मला मनापासून वाटते. नव्या पद्धतीत प्रत्येक नोड आपल्या जोडण्यांची खबर सगळ्या जाळ्यात पाठवत असे. खबर जुनी की नवी हे कळावे म्हणून तिच्यावर सहा बिटांचा अनुक्रमांक असे, 0 पासून 63 पर्यंत. 63 नंतर पुन्हा 0 येत असल्यामुळे मोठा-लहान ठरवण्याची रीत वर्तुळाकार होती. पुढच्या दिशेने 32 पर्यंतच्या अंतरात जो असेल तो नवा. त्या दिवशी 50 क्रमांकाच्या नोडच्या खबरीचे काही बिट वाटेत गळले आणि एकाच खबरीच्या तीन प्रती जाळ्यात पसरल्या, 44, 40 आणि 8 या अनुक्रमांकांच्या. द्विमान पद्धतीत मांडले तर 101100 मधला एक बिट गळून 101000 होतो, आणि आणखी एक गळून 001000. आता नियम लावून पाहा. 40 हा 8 पेक्षा नवा. 44 हा 40 पेक्षा नवा. आणि 44 पासून पुढे मोजत 63 ओलांडून गेले की 8 हा 28 अंतरावर येतो, म्हणून 8 हा 44 पेक्षा नवा. प्रत्येक नोड हाती आलेली प्रत आपल्या प्रतीपेक्षा नवी समजून ठेवून घेई आणि सगळ्या शेजाऱ्यांना पाठवी. तिन्ही प्रती एकमेकींचा पाठलाग करत जाळ्यात फिरत राहिल्या आणि नोडांचा वेळ त्यातच खर्च होऊ लागला.

बिट एका यंत्रात गळले हे खरे, आणि त्या अर्थाने मूळ दोष एका जागी होता. पण ते बिट गळून गेल्यानंतरही वादळ चालूच राहिले, कारण आता ते बाकीच्या निरोगी नोडांच्या स्मृतीत आणि त्यांच्या मधल्या दुव्यांवर वसले होते. एखादा नोड बंद करून चालू केला असता तर उठताक्षणी शेजाऱ्याने त्याच्या हातात तीच खबर ठेवली असती. शेवटी उपाय झाला तो असा की 50 क्रमांकाच्या नोडकडून आलेली कोणतीही खबर दुर्लक्षित करावी अशी दुरुस्ती इतर नोडांच्या प्रोग्राममध्ये घालावी लागली. म्हणजे ज्यांच्यात काहीही बिघडले नव्हते त्यांना बदलावे लागले. आणि ते सुचले कसे? नोडांच्या स्मृतीचे छापील उतारे काढून पाहिले तेव्हा त्यांच्या रांगांमध्ये एकाच नोडच्या खबरी साचलेल्या आढळल्या. अनुक्रमांक पुरावा म्हणून हाती होते म्हणूनच कारण समजले. हे उदाहरण माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. त्याची मर्यादा मात्र ते दाखवते, ठिणगी एका यंत्रातून पडू शकते.

आजच्या ओएसपीएफसारख्या प्रोटोकॉलमध्ये अनुक्रमांक 32 बिटांचे आहेत, खबरींना वय आणि तपासणी-बेरीज आहे, सगळ्यांकडे एकच नकाशा असतो. बीजीपीत तर प्रत्येक वाटेबरोबर ती कोणकोणत्या स्वायत्त जाळ्यांतून आली त्यांची यादी येते, आणि त्या यादीत आपलाच क्रमांक दिसला की राऊटर ती वाट नाकारतो. म्हणून कुणी म्हणेल की हे सारे जुने झाले. यात अर्धे तथ्य आहे. नकाशा एकच असला तरी तो सगळ्यांच्या हाती एकाच क्षणी येत नाही. एखादा दुवा तुटला की जवळचा राऊटर नवी वाट आधी लिहितो, पुढचा थोड्या वेळाने. मधल्या काळात पहिला दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि दुसरा अजून पहिल्याकडेच. हे सूक्ष्म लूप बहुधा सेकंदांत मिटतात. पण व्हर्न पॅक्सन यांनी 1990 च्या दशकाच्या मध्याला इंटरनेटभर ट्रेसराउट घेऊन जी मोजणी केली, तिच्यात तासन्‌तास टिकलेले लूपही सापडले. या दोन जातींमधला फरक मला निर्णायक वाटतो. प्रोटोकॉलच्या बोलण्यातला उशीर स्वतःहून भरून निघतो. जो लूप दुपारी होता आणि संध्याकाळीही आहे, त्याच्या मुळाशी बहुधा अशी एखादी नोंद असते जी प्रोटोकॉलच्या बोलण्यात सामीलच नाही. कुणीतरी हाताने लिहिलेला स्टॅटिक रूट, डिफॉल्ट रूट, किंवा दोन प्रोटोकॉलच्या सीमेवर एकाची माहिती दुसऱ्यात ओतण्याची व्यवस्था.

या शेवटच्या प्रकाराला, म्हणजे रीडिस्ट्रिब्यूशनला, पुस्तकात सर्वांत जास्त पाने दिली आहेत. दोन राऊटर आरआयपी आणि ओएसपीएफ या दोन्ही जगांत उभे आहेत आणि दोघेही इकडची माहिती तिकडे व तिकडची इकडे देत आहेत असे समजा. आरआयपीच्या बाजूचे एक जाळे पहिला राऊटर ओएसपीएफमध्ये जाहीर करतो. दुसऱ्याला तेच जाळे दोन्हीकडून ऐकू येते. सिस्कोच्या राऊटरवर ओएसपीएफची विश्वसनीयता 110 आणि आरआयपीची 120 धरलेली असते, आणि कमी आकडा जिंकतो. त्यामुळे तो जवळची खरी वाट सोडून ओएसपीएफच्या लांबच्या वाटेने बोट दाखवतो, आणि वर ती ऐकीव माहिती परत आरआयपीत ओततो. तिथला एखादा राऊटर तिला फसला की वर्तुळ पूर्ण झाले. बीजीपीकडे वाटेची यादी आहे, ओएसपीएफकडे नकाशा आहे. सीमा ओलांडताना मात्र दोन्ही गळून पडतात आणि फक्त ‘माझ्याकडून जाता येते’ एवढे वाक्य उरते. म्हणून सीमेवर प्रत्येक नोंदीला टॅग लावावा, आणि तो टॅग दिसला की ती नोंद परत आत घेऊ नये. जी ओळख प्रोटोकॉलकडून गळाली ती टॅग भरून काढतो.

आता ज्या आक्षेपाला मी सर्वाधिक मान देतो तो. बँकेची शाखा बंद आहे, रांग लागली आहे, रुग्णालयात अहवाल उघडत नाहीत. अशा वेळी टेबले ताडत बसायचे की राऊटर रीस्टार्ट करून लोकांची सोय करायची? रीस्टार्टने अनेकदा काम होतेही. होते याचे कारण असे की शिकलेल्या नोंदी पुसल्या जातात आणि राऊटर शेजाऱ्यांकडून नव्याने शिकतो. अडकून राहिलेली एखादी शिळी नोंद त्यात निघून जाते. पण कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेली चूक रीस्टार्टनंतर जशीच्या तशी उभी राहते, आणि शिळी नोंद गेली तर ती का अडकली होती याचा पुरावाही तिच्याबरोबर जातो. मग पुढच्या महिन्यात पुन्हा तीच रांग. मी रीस्टार्ट करूच नका असे म्हणत नाही. त्याआधी ट्रेसराउटचा उतारा, त्यात आलटूनपालटून येणाऱ्या राऊटरांवरची त्या पत्त्याची नोंद, ती नोंद कुठून आली आणि किती वेळापूर्वी आली, एवढे जतन करावे असे म्हणतो. त्याला काही मिनिटे लागतात, आणि कोणत्या आज्ञा द्यायच्या हे आधी लिहून ठेवले असेल तर त्याहूनही कमी.

एका ठिकाणी मात्र हा क्रम उलटा करावा लागतो, आणि ते स्पष्ट सांगितले पाहिजे. इथरनेटच्या फ्रेमवर टीटीएल नाही. स्विचच्या पातळीवर वर्तुळ झाले, उदाहरणार्थ एकाच केबलची दोन्ही टोके एखाद्या साध्या स्विचमध्ये खोचली गेली, तर ब्रॉडकास्ट फ्रेम मरत नाही, तिच्या प्रती वाढतच जातात, आणि सेकंदांत सगळे जाळे गुदमरते. सगळ्या पोर्टचे दिवे एकदम लुकलुकू लागतात, आणि एकच मॅक पत्ता आता या पोर्टवर, क्षणात त्या पोर्टवर दिसतो अशी तक्रार स्विच लॉगमध्ये लिहू लागतो. इथे आधी केबल काढायची, विचार नंतर. हा प्रश्न सोडवण्यासाठी रेडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना स्पॅनिंग ट्री ही पद्धत मांडली. जास्तीच्या केबल जागीच ठेवून त्यांतले काही पोर्ट अडवायचे, म्हणजे फेरा उरत नाही. 1990 मध्ये ती 802.1डी या नावाने मानक झाली. पण तीही स्विचांनी एकमेकांना पाठवलेल्या संदेशांवर उभी आहे, आणि मूळ मानकाच्या वेळा एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सात स्विचांचे अंतर धरून ठरवलेल्या आहेत. बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटरचे जाळे वर्षानुवर्षे तुकडे जोडत या मर्यादेपलीकडे वाढले होते. नोव्हेंबर 2002 मध्ये एका संशोधनाच्या मोठ्या डेटाचा भार पडला, स्विचांचे निरोप वेळेत पोहोचेनात, अडवलेले पोर्ट उघडले, आणि हे नावाजलेले रुग्णालय चार दिवस कागदावर चालवावे लागले. रुग्णालयाचे माहिती-प्रमुख जॉन हलामका यांनी हे लपवले नाही. उलट इतरांना उपयोग व्हावा म्हणून ते जाहीरपणे सांगितले. त्यांच्या त्या मोकळेपणाबद्दल मला मोठा आदर आहे, कारण नेटवर्कच्या अपयशांची बहुतेक सविस्तर माहिती कधी बाहेर येतच नाही. मूळ समस्या भार टाकणाऱ्या संशोधकात नव्हती, कोणत्याही एका स्विचमध्येही नव्हती. इतक्या दूरवरच्या स्विचांनी एकमेकांशी वेळेत एकमत करावे ही अपेक्षाच त्या रचनेला झेपणारी नव्हती. दुरुस्ती झाली ती रचना बदलून, राऊटर मध्ये घालून जाळ्याचे तुकडे पाडून.

साक्षी ताडायच्या म्हटले की साक्षीदाराची पारखही आली. ट्रेसराउट टीटीएल 1, 2, 3 असा वाढवत पॅकेट्स पाठवतो आणि कुठल्या टप्प्यावर कोण उत्तर देतो ते नोंदवतो. त्यात दोन पत्ते आलटूनपालटून तिसाव्या टप्प्यापर्यंत येत राहिले तर लूपबद्दल फारशी शंका उरत नाही. पण एखादा पत्ता दोनदाच दिसला आणि पुढे वाट सरळ गेली, तर घाई करू नये. वाटेत दोन समांतर दुवे असतील आणि राऊटर भार वाटत असेल, तर ट्रेसराउटची वेगवेगळी पॅकेट्स वेगवेगळ्या लांबीच्या वाटांनी जातात आणि प्रत्यक्षात नसलेला फेरा कागदावर उमटतो. पॅरिसच्या संशोधकांनी 2006 मध्ये हे दाखवून दिले आणि सगळी पॅकेट्स एकाच वाटेने जातील असा सुधारित ‘पॅरिस ट्रेसराउट’ तयार केला. शिवाय ट्रेसराउट जाण्याची वाट दाखवतो, येण्याची नाही. लूप परतीच्या वाटेवर असेल तर इकडून फक्त तारे दिसतात, आणि तेव्हा पलीकडच्या टोकाला कुणाला तरी फोन करून तिकडून ट्रेसराउट घ्यायला सांगण्यावाचून मार्ग नसतो. तो फोन बहुतेक वेळा दुसऱ्या कंपनीत किंवा दुसऱ्या विभागात करावा लागतो. टिकाऊ लूप दोन मालकांच्या सीमेवर इतका काळ तग धरतात त्याचे हे मोठे कारण आहे. दोघांनाही आपापले अर्धेच चित्र दिसते, आणि दोन्ही अर्धी निर्दोष असतात.

पुस्तकातली पहिली प्रकरणे म्हणून टेबल वाचण्याला दिली आहेत, मग हाताने लिहिलेल्या नोंदींचे लूप येतात, मग प्रोटोकॉलचे, आणि स्विचांचे शेवटी. आज्ञा सिस्को, मायक्रोटिक आणि लिनक्स या तिन्हींच्या दिल्या आहेत, कारण तालुक्याच्या गावी केबल ऑपरेटरकडे मायक्रोटिक असतो आणि बँकेच्या मुख्यालयात बहुधा सिस्को, आणि वाचक दोन्हीकडचे असतील. प्रत्येक सरावात लूपमधल्या सगळ्या राऊटरांची टेबले छापली आहेत, एकाचेच कधीही नाही. वाचकाने दोन्ही नोंदी शोधल्यावर एक प्रश्न तरी उरतोच, आणि तो टेबलांतून सुटत नाही. दोनपैकी कोणतीही नोंद बदलली तरी लूप मोडतो. वरच्या उदाहरणात ग्राहकाचा डिफॉल्ट रूट काढला तर लूप जाईल, आणि त्याचे इंटरनेटही जाईल. कंपनीने आपली नोंद काढली तर लूप जाईल, आणि ग्राहकाचे वापरातले 64 पत्तेही जगाला दिसेनासे होतील. 203.0.113.200 वर खरोखर कुणी असायला हवे होते का, हे त्या पत्त्याच्या मालकाला विचारावे लागते. असायला हवे असेल तर आतली नोंद लिहायची, नसेल तर नल रूट.